विश्लेषण : उडी एकाची, दम दोघांचा… नॉर्डिक कम्बाइन्डचा संघ चौघांवरून दोघांवर का आला? ऑलिम्पिकमधील त्याचे स्थान धोक्यात आहे का?

इटलीतील मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १९ फेब्रुवारीला नॉर्डिक कम्बाइन्डची सांघिक लढत होईल. सांघिक प्रकार १९८८ मध्ये ऑलिम्पिकमध्ये आला तेव्हा संघ तिघांचा होता. १९९८ पासून तो चौघांचा झाला. आता प्रत्येक देशाचे फक्त दोघे उतरतील. बदल किरकोळ वाटतो, पण तो सहज झालेला नाही. १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकपासून सलग खेळला जाणारा हा खेळ २०३० मध्ये असेल की नाही, हेच अजून ठरलेले नाही. त्यात भर म्हणजे, महिलांना अजिबात प्रवेश नसलेला हिवाळी ऑलिम्पिकमधील हा एकमेव खेळ उरला आहे.

नॉर्डिक कम्बाइन्ड म्हणजे काय?

क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर हा अष्टपैलूंचा खेळ. सकाळी किंवा दुपारी स्की जम्पिंग आणि त्याच दिवशी काही तासांनी क्रॉस-कंट्री स्कीइंगची शर्यत, असे दोन स्वतंत्र खेळ एकाच खेळाडूला एका दिवसात खेळावे लागतात. दोन्हींच्या मागण्या एकमेकांच्या अगदी उलट आहेत. लांब उडीसाठी शरीर हलके हवे आणि उतार संपतो त्या टोकावर पायांत स्फोटक ताकद हवी. उलट बर्फावर १० किलोमीटर स्की रेटत नेण्यासाठी छाती, खांदे आणि हृदयाची क्षमता लागते. तिथे स्नायू कमी असून चालत नाहीत. साधनेही वेगळी. उडीच्या स्की लांब आणि रुंद असतात (खेळाडूच्या उंचीच्या १४५ टक्क्यांपर्यंत लांबीला परवानगी आहे), तर शर्यतीच्या स्की अरुंद आणि हलक्या. नॉर्वेत हा प्रकार स्कीइंगचा राजा मानला जातो, तो यामुळेच. निव्वळ उडीतल्या किंवा निव्वळ धावेतल्या विशेषज्ञाला इथे जिंकता येत नाही.

उडीचे गुण सेकंदांत कसे बदलतात?

या खेळाची खरी गंमत इथे आहे. उडीला मीटर आणि शैलीचे गुण मिळतात, शर्यतीत मिनिटे-सेकंद मोजले जातात. मग दोन्हींची बेरीज करायची कशी? पूर्वी शर्यतीच्या वेळेचे गुणांत रूपांतर केले जाई. त्यामुळे अंतिम रेषा ओलांडणाऱ्या खेळाडूलाही आपण जिंकलो की हरलो, हे आकडेमोड होईपर्यंत कळत नसे. प्रेक्षकांना तर नाहीच. पाऊस पडल्यावर डकवर्थ-लुईसचा तक्ता येईपर्यंत क्रिकेटप्रेमींची जी अवस्था होते, तीच इथे दरवेळी.

नॉर्वेचे माजी खेळाडू गुंडर गुंडरसन यांनी हे उलटे केले. वेळेचे गुण करण्याऐवजी गुणांचाच वेळ करायचा. उडीत पहिला आलेला खेळाडू शर्यतीत सर्वात आधी निघणार आणि बाकीचे जितके गुण मागे, तितके सेकंद उशिरा सुटणार. वैयक्तिक प्रकारात १५ गुणांचा फरक म्हणजे एक मिनिट, म्हणजेच एका गुणाला चार सेकंद. समजा पहिल्याला १२० आणि दुसऱ्याला १०५ गुण मिळाले, तर दुसरा बरोबर एक मिनिटाने निघेल. त्यानंतर हिशेब संपला. जो रेषा आधी ओलांडेल, तो विजेता. ऑलिम्पिकमध्ये ही पद्धत १९८८ च्या कॅल्गरी स्पर्धेपासून आली आणि सांघिक प्रकाराची सुरुवातही तिथेच झाली, हा योगायोग नाही. हिशेबाची वाट पाहावी लागणारी रिले कोणी पाहिली नसती.

संघासाठी हे गणित वेगळे का?

कारण संघात चुका बेरजेने वाढतात. चौघांच्या संघातील प्रत्येकाची उडी प्रतिस्पर्ध्यापेक्षा १५ गुणांनी कमी पडली, तर संघ ६० गुणांनी मागे पडतो. गुणाला चार सेकंद हा दर लावला तर पिछाडी चार मिनिटांची होईल. चौघांनी प्रत्येकी पाच किलोमीटर धावायच्या रिलेत चार मिनिटे भरून काढणे जवळपास अशक्य. शर्यत सुरू होण्याआधीच संपेल. म्हणून चौघांच्या रिलेत गुणाला १.३३ सेकंद असा दर ठेवला गेला. त्यानुसार ६० गुणांची पिछाडी ८० सेकंदांवर येते. अवघड, पण आटोक्यातली. उडी आणि धाव यांच्यातला समतोल एका दशांश अपूर्णांकावर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल. हा आकडा थोडा इकडेतिकडे केला की पदके एका देशाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

जपानच्या वर्चस्वाची गोष्ट काय आहे?

याचा सर्वात ठळक अनुभव जपानला आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडनचा यान बोकलोव्ह स्की समांतर ठेवण्याऐवजी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या फाकवून उडी घेऊ लागला. पंचांनी शैलीचे गुण कापले, पण हवेचा आधार जास्त मिळून उडी लांब जात होती. नॉर्डिक कम्बाइन्डमध्ये हे तंत्र जपानने इतरांच्या आधी आत्मसात केले. १९९२ मध्ये आल्बेरव्हिलला जपानने सांघिक सुवर्ण जिंकले. १९९४ मध्ये लिलेहामरला तर त्यांनी नॉर्वेला त्यांच्याच घरी, त्यांच्याच राजखेळात तब्बल ४ मिनिटे ४९ सेकंदांनी हरवले. केन्जी ओगिवारा, ताकानोरी कोनो आणि मासाशी आबे या तिघांनी उडीतच एवढी आघाडी घेतली होती की ३० किलोमीटरची रिले ही औपचारिकता उरली. ओगिवाराने याच काळात सलग तीन वर्षे विश्वचषक मालिका जिंकली. (हेच ओगिवारा पुढे राजकारणात गेले आणि २०२१ मध्ये नागानो शहराचे महापौर झाले.)

त्यानंतरच्या वर्षांत उडीच्या गुणांचे वजन घटत गेले. हे बदल आपल्याला रोखण्यासाठी होते, ही भावना जपानी क्रीडाविश्वात आजही आहे. शर्यत पाहण्याजोगी राहावी म्हणून बदल आवश्यक होते, हा युक्तिवादही चुकीचा नाही. पाच मिनिटांच्या फरकाची रिले टीव्हीवर कोण पाहणार? इतके मात्र खरे की १९९८ मध्ये घरच्या नागानो ऑलिम्पिकमध्ये, चौघांच्या नव्या रिलेत, जपानला पदकही मिळाले नाही. नॉर्वे, फिनलंड आणि फ्रान्स पहिल्या तिघांत आले. जपान पुन्हा सांघिक पदकापर्यंत पोहोचला तो थेट २०२२ मध्ये, बीजिंगला. कांस्यपदक.

चौघांची रिले कंटाळवाणी झाली होती का?

मुळीच नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रियाने अमेरिकेला जेमतेम पाच सेकंदांनी मागे टाकले. त्याआधी या खेळात अमेरिकेकडे एकही ऑलिम्पिक पदक नव्हते, त्या स्पर्धेत त्यांनी चार पदके नेली. २०१४ मध्ये सोची येथे २० किलोमीटरनंतर नॉर्वे आणि जर्मनी यांच्यात अंतर होते ०.३ सेकंद. नॉर्वेच्या यॉर्गन ग्राबाकने शेवटच्या सरळ टप्प्यावर जर्मनीच्या फाबियान रीसलेला गाठले आणि मागे टाकले. कोणत्याही रिलेला हेवा वाटावा असा तो शेवट होता. शिवाय रिलेत एकट्याच्या नशिबावर सगळे अवलंबून नसते. नॉर्वेचा यार्ल मॅग्नस रीबर हा या खेळातला गेल्या दशकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू. त्याने विश्वचषक मालिका पाच वेळा जिंकली. पण ऑलिम्पिकमध्ये त्याच्या नावावर एकच पदक आहे, २०१८ चे सांघिक रौप्य. बीजिंगला त्याला आधी करोनाने गाठले आणि मग वैयक्तिक शर्यतीत आघाडीवर असताना तो चुकीच्या मार्गावर वळला!

मग चौघांचे दोघे का झाले?

कारण चार दर्जेदार नॉर्डिक कम्बाइन्ड खेळाडू असलेले देशच थोडे आहेत. या खेळाला स्की जम्पिंगची टेकडी लागते, बर्फाचे मैल लागतात आणि दोन्हींचे प्रशिक्षक लागतात. मुलांना दहा-बारा वर्षांचे असल्यापासून दोन्ही शिकवावे लागते. एखाद्या देशात असा एक अव्वल खेळाडू तयार होऊ शकतो. एस्टोनियाचा क्रिस्टियान इल्वेस विश्वचषकात अनेकदा पहिल्या तिघांत आलेला आहे. पण एस्टोनियाने आणखी तिघे कुठून आणायचे? चौघांचा संघ देशातील खेळाची खोली मोजतो आणि खोली फक्त काही देशांकडे आहे. ऑलिम्पिकच्या रिलेत साधारण दहा संघ उतरत आणि त्यातले निम्मे पदकाच्या आसपासही नसत.

दुसरे कारण अधिक रुक्ष आहे. हिवाळी ऑलिम्पिकमधील एकूण खेळाडूंच्या संख्येला मर्यादा आहे आणि नवे प्रकार वाढत आहेत. बीजिंगमध्ये नॉर्डिक कम्बाइन्डसाठी ५५ जागा होत्या. यंदा त्या ३६ वर आल्या आहेत. इतक्या जागांत चौघांचे दहा संघ बसतच नाहीत. हीच कात्री पुरुषांच्या स्की जम्पिंगलाही लागली असून तिथेही चौघांऐवजी दोघांचा संघ झाला आहे.

नवी स्पर्धा कशी असेल?

प्रेदात्सो येथील मोठ्या टेकडीवरून संघातील दोघेही प्रत्येकी एक उडी घेतील. दोघांच्या गुणांची बेरीज होऊन सुटण्याची वेळ ठरेल. शर्यत जवळच्याच तेझेरो येथे. प्रत्येकाने साडेसात किलोमीटर धावायचे, पण सलग नाही. दीड किलोमीटरची फेरी मारून साथीदाराला हाताने स्पर्श करायचा, मग त्याने फेरी मारायची, असे प्रत्येकी पाच वेळा. साथीदार ट्रॅकवर असताना मिळणाऱ्या तीन-चार मिनिटांत श्वास सावरायचा आणि पुन्हा पूर्ण वेगाने निघायचे. पाच किलोमीटरच्या सलग टप्प्यापेक्षा हा वेगळाच छळ आहे. शेवटची फेरी कोणाच्या वाट्याला येईल, हे संघ आधीच ठरवतो. साहजिकच अखेरच्या शंभर मीटरमध्ये वेग काढू शकणारा खेळाडू दुसऱ्या क्रमांकावर ठेवला जातो.

ही कल्पना नवी नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सांघिक स्प्रिंट पहिल्यांदा झाली ती २०१३ मध्ये, याच फिएम्मे खोऱ्यात. ती फ्रान्सच्या जेसन लामी शाप्वी आणि सेबास्टियाँ लाक्रुआ यांनी जिंकली होती. तेव्हा ती चौघांच्या रिलेच्या जोडीला होती. आता ऑलिम्पिकमध्ये ती रिलेच्या जागी आली आहे. यातून पदकांचा नकाशा बदलेल का? थोडाफार. फिनलंड, फ्रान्स, यजमान इटली यांच्यासारख्या देशांकडे चौघे तुल्यबळ नसले तरी दोघे असू शकतात. पण नॉर्वे, जर्मनी, ऑस्ट्रियाकडेही सर्वोत्तम दोघे आहेतच. नुकसान मात्र निश्चित आहे. या देशांतील तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूसाठी सांघिक पदकाचे दार बंद झाले.

ऑलिम्पिक समितीचा आक्षेप काय?

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२६ साठी पुरुषांचे नॉर्डिक कम्बाइन्ड कायम ठेवले, पण महिलांची मागणी फेटाळली. कार्यक्रम आयोगाचे प्रमुख कार्ल श्टॉस यांनी त्यामागे दोन कारणे दिली. आधीच्या तीन ऑलिम्पिकमध्ये या खेळाची २७ पदके फक्त चार देशांनी वाटून घेतली आणि याच तीन स्पर्धांत या खेळाचे प्रेक्षक सर्वात कमी होते. श्टॉस हे ऑस्ट्रियाचे. त्या चार देशांपैकी एक त्यांचाच! बाकीचे तीन म्हणजे नॉर्वे, जर्मनी आणि जपान. २०३० मध्ये खेळ राहायचा असेल तर सहभाग आणि प्रेक्षकसंख्या यांत ठोस सुधारणा दिसली पाहिजे, असेही समितीने बजावले.

चार देशांची मक्तेदारी ही या खेळाची जुनी ओळख नाही, हे मात्र या चर्चेत अनेकदा निसटते. १९८८ ते २०१० या काळात ऑलिम्पिकमध्ये सात सांघिक लढती झाल्या. पश्चिम जर्मनी आणि जर्मनी एकच धरले तरी त्यांत आठ देशांनी पदके मिळवली. स्वित्झर्लंड, फिनलंड, फ्रान्स आणि अमेरिका हे त्यातलेच. फिनलंडने तर २००२ मध्ये सुवर्ण जिंकले. २०१४ पासून मात्र नॉर्वे, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि शेवटी जपान, एवढेच. म्हणजे खेळ मुळात संकुचित नव्हता, तो संकुचित होत गेला. अनेक देशांत पदके आटली की सरकारी निधी आटतो, निधी आटला की कनिष्ठ गटातील मुले निव्वळ जम्पिंग किंवा बायथलॉनकडे वळतात आणि पुढच्या पिढीत चौघांचा संघच उभा राहत नाही. ऑलिम्पिक समिती ज्याला लक्षण मानते, त्यात तिच्या अनिश्चित भूमिकेचाही वाटा आहे. जो खेळ चार वर्षांनी असेल की नाही हे माहीत नाही, त्यासाठी नवी टेकडी कोणता देश बांधेल?

महिला बाहेर का?

२०२२ चा निर्णय झाला तेव्हा महिलांची एकच जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली होती, २०२१ मध्ये जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फला. त्यात तिन्ही पदके नॉर्वेने जिंकली आणि सहभाग १० देशांपुरता होता. समितीने नेमके यावर बोट ठेवले. आकडे खरे आहेत, पण त्यांना काळाचा संदर्भ हवा. महिलांची विश्वचषक मालिकाच डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाली. दीड वर्षाच्या खेळाकडून विस्ताराची अपेक्षा करणे आणि शंभर वर्षांच्या पुरुषांच्या खेळाला चार देशांच्या मक्तेदारीसह ठेवून घेणे, या दोन मोजपट्ट्या झाल्या.

परिणाम दिसू लागले आहेत. महिलांची पहिली विश्वचषक लढत जिंकणारी अमेरिकेची तारा गेराटी-मोट्स पुढे बायथलॉनकडे वळली. गेल्या मोसमात महिलांचा विश्वचषक जर्मनीच्या नाताली आर्मब्रुस्टरने जिंकला. तीही ऑलिम्पिकच्या वेळी प्रेक्षकच असेल. अमेरिकेच्या अ‍ॅनिका मालासिन्स्कीने या बंदीविरोधात सातत्याने आवाज उठवला आहे. तिचा भाऊ निकलस हाच खेळ पुरुष गटात खेळतो. एकाच घरातील दोघे, एकच प्रशिक्षण. एकाला ऑलिम्पिकचा रस्ता मोकळा आणि दुसरीला तो नाहीच.

यापूर्वी असे झाले आहे का?

झाले आहे. महिलांच्या स्की जम्पिंगला व्हँकूव्हर २०१० मध्ये स्थान नाकारले तेव्हा खेळाडू कॅनडातील न्यायालयात गेल्या. हा भेदभाव असल्याचे न्यायाधीशांनी मान्य केले, पण निर्णय ऑलिम्पिक समितीचा असल्याने कॅनडाचा कायदा लागू होत नाही, असे सांगून दाद नाकारली. चार वर्षांनी, सोचीत, महिलांना प्रवेश मिळाला. २०२२ मध्ये दोन पुरुष आणि दोन महिलांचा मिश्र संघही आला आणि आज महिलांचे जम्पिंग नको असे कोणी म्हणत नाही.

मिश्र संघ हा तोडगा ठरू शकतो का?

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची वाटचाल त्याच दिशेने दिसते. २०२३ मध्ये स्लोव्हेनियातील प्लानित्सा येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत नॉर्डिक कम्बाइन्डचा मिश्र संघ प्रथमच उतरला. दोन पुरुष, दोन महिला. चौघांचीही उडी, मग पुरुषांनी प्रत्येकी पाच आणि महिलांनी प्रत्येकी अडीच किलोमीटर धावायचे. ती स्पर्धा नॉर्वेने जिंकली. यात चौघांच्या रिलेतला थरार शिल्लक राहतो आणि चार पुरुष नसलेल्या देशालाही दोन पुरुष, दोन महिला जमवता येतात. त्यासाठी वेगळी टेकडी किंवा वेगळा ट्रॅकही लागत नाही. मात्र महिलांना खेळाडूंच्या जागा द्याव्या लागतील आणि ३६ जागांत ते बसणार नाही. त्या जागा दुसऱ्या कोणत्या तरी खेळातून काढाव्या लागतील. खरी अडचण तिथे आहे.

पुढे काय?

यंदाच्या स्पर्धेनंतर नॉर्डिक कम्बाइन्डचे पूर्ण मूल्यमापन करून, २०३० च्या फ्रेंच आल्प्स ऑलिम्पिकबाबत निर्णय घेण्याचे समितीने सांगितले आहे. त्यात तीन शक्यता आहेत. पुरुष आणि महिला दोघेही, फक्त पुरुष किंवा कोणीच नाही. महिलांच्या सहभागाचा समितीकडून इतका गाजावाजा होत असताना ‘फक्त पुरुष’ हा पर्याय आणखी एकदा पुढे रेटणे कठीण आहे. त्यामुळे महिलांना घेतले नाही तर पुरुषांचाच खेळ जाईल, ही भीती पुरुष खेळाडूंमध्येही आहे आणि म्हणूनच त्यांच्यातील अनेक जण महिलांच्या बाजूने बोलत आहेत. हा निर्णय क्रिस्टी कोव्हेन्ट्री यांच्या कारकीर्दीत होईल. त्या ऑलिम्पिक समितीच्या पहिल्या महिला अध्यक्ष आहेत. १९ तारखेच्या लढतीत किती देशांचे संघ उतरतात, पदके त्याच चौघांत राहतात की एखादा पाचवा देश त्यांत शिरतो आणि ती किती जण पाहतात, हे तिन्ही आकडे त्यांच्यासमोरच्या कागदावर असतील.